पाच सेकंदांची ओळ

माझ्या मुलीची नोकरी एका ओळीपायी गेली. ओळ तिने लिहिली होती आणि तिला ती लिहायला मी सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी काही बरं होईल या आशेने कुणी वाचत बसायला नको.

मुलगी सेहेचाळीसची आहे. नवऱ्याचं घर सोडून आली त्याला बरीच वर्षं झाली. आमचे हे गेल्यापासून मी तिच्याकडे नोएडात राहते, बाराव्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तिचं काम घरूनच चालायचं. जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला मी, मटार सोलत नाहीतर मेथी निवडत. दिवसभर तिच्या मीटिंगा ऐकून ऐकून मला त्यातलं बरंचसं कळायला लागलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण कान शाबूत आहेत.

तिचं काम असं. लोक मोबाईलवर जी पानं उघडतात, तिकीट काढायची, डॉक्टरची वेळ घ्यायची, ती पानं नीट चालतात की नाही हे तपासायचं. स्वतः बसून बटणं दाबायची नाहीत. ती एक प्रोग्राम लिहायची आणि तो प्रोग्राम माणसासारखं पान उघडायचा, नाव भरायचा, बटण दाबायचा आणि पुढे यायला हवं ते आलं का बघायचा. आलं तर हिरवं. नाही आलं तर लाल. असे शेकड्यांनी तपास तिने लिहिले होते आणि ते रोज सकाळी एकामागून एक चालायचे. चहा घेता घेता ती लाल किती ते मोजायची.

त्यात एक अडचण होती आणि तिचं निम्मं आयुष्य त्या अडचणीतच गेलं. आपण बटण दाबतो तेव्हा पान लगेच उत्तर देत नाही. ते लांब कुठल्यातरी मोठ्या मशीनला विचारतं, तिकडून उत्तर येतं, मग दाखवतं. उत्तर कधी चटकन येतं, कधी रेंगाळतं. माणसाला दिसतं की अजून गोल फिरतंय, तो थांबतो. प्रोग्रामला डोळे नाहीत. तो दाबतो आणि त्याच क्षणी बघतो, काही नसतं, की लाल. तेव्हा त्याला थांब म्हणून सांगावं लागतं. कशासाठी थांब आणि कुठवर थांब, हे बरोबर सांगणं हीच तिची कारागिरी.

तिने मला एकदा समजावलं होतं. "आई, दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे डोळे मिटून पाच आकडे मोज आणि पुढे जा. दुसरी म्हणजे ती गोष्ट येईपर्यंत दारात उभा राहा. आली की लगेच पुढे. फारच वेळ नाही आली तर ओरड."

"मग दुसरीच करायची की."

"दुसरीला डोकं लागतं. पहिली आळशी लोकांची."

तिच्या टीममध्ये तिसरीच तऱ्हा चालायची. लाल दिसलं की पुन्हा चालवायचं. दुसऱ्यांदा नाहीतर तिसऱ्यांदा हिरवं येतंच. मग सगळे खूश. कधी हिरवे कधी लाल होणाऱ्या तपासांना ते फ्लेकी म्हणत, आणि एकदा का एखाद्याला फ्लेकी म्हटलं की तो काय सांगतोय याकडे कुणी बघायचं नाही. घरातल्या किरकिऱ्या म्हाताऱ्यासारखं. खरंच दुखत असलं तरी लोक म्हणतात, यांचं रोजचंच आहे.

दिवाळीनंतर तिच्यावर नवा साहेब आला. तिच्यापेक्षा लहान, तिशीतला. मी त्याला कधी पाहिलं नाही, स्पीकरवर आवाज तेवढा ऐकला. तिला मैडम म्हणायचा आणि शेवटी यार लावायचा. त्याने आल्या आल्या कागद काढला की या बाईचे तपास फार लाल येतात. मग कंपनीने तिला एक महिना दिला. महिन्यात सगळं हिरवं दाखवा, नाहीतर दुसरीकडे बघा. कंपनीच्या भाषेत त्याला सुधारणेची योजना म्हणतात. मुलगी म्हणाली, ही योजना लागलेलं एकही माणूस टिकलेलं तिने पाहिलेलं नाही.

तिच्या वयाच्या बाईला या धंद्यात पुन्हा कुणी घेत नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. फ्लॅट तिच्या पगारावर उभा होता. तिने त्या महिन्यात केस रंगवले. 

ती कामाला लागली. एकेक लाल उघडून बघायची, डोळे मिटून थांबणाऱ्या ओळी काढून नीट थांबणाऱ्या घालायची. पंधरा दिवसांत बहुतेक सगळे ताळ्यावर आले. एक राहिला. तो एका हॉस्पिटलच्या पानाचा होता, डॉक्टरची वेळ घ्यायचा. प्रोग्राम वेळ निवडायचा, बटण दाबायचा, हिरवी खूण यायची, आणि मग तो 'माझ्या वेळा' या यादीत जाऊन बघायचा. यादीत वेळ कधी असायची, कधी नसायची. तिने त्याच्यामागे चार दिवस घालवले. जेवताना ताटाकडे बघत पुटपुटायची.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. "आई, तुझा फोन दे. जरा माझं एक काम कर."

"मला इंग्रजी वाचता येत नाही."

"हिंदी लावून देते. हे खरं पान नाही, सरावाची नक्कल आहे, काहीही दाब, बिघडणार नाही. फक्त डॉक्टरची वेळ घे. जशी घेशील तशी घे. मी मदत करणार नाही."

"आणि माझं वरण उतू गेलं तर?"

"गॅसपाशीच उभी राहून घे यार. तेच पाहिजे मला."

मी स्वयंपाकघरात उभी राहून घेतली. आमच्या स्वयंपाकघरात रेंज नीट येत नाही, बाजूला नव्या फ्लॅटांचा उंच टॉवर उभा राहिल्यापासून तर फारच कमी. चष्मा लावला, डोळ्यांचा डॉक्टर निवडला, मंगळवार निवडला, बटण दाबलं. दाबल्याबरोबर हिरवी खूण आली आणि खाली लिहून आलं, आपका अपॉइंटमेंट पक्का हो गया है. मी फोन बंद करून ओट्यावर ठेवला आणि वरण ढवळलं.

ती आली, फोन उघडला, यादी बघितली. यादीत काही नव्हतं.

"अच्छा. आई, तू पान कधी बंद केलंस?"

"झालं तेव्हा."

"म्हणजे खूण आल्यावर किती वेळाने?"

"किती वेळाने काय? पक्कं झालं म्हणून लिहून आलं, मी बंद केलं. आता त्याच्याकडे बघत काय बसू, आरती ओवाळू?"

ती हसली. मग माझ्याकडून तिने तेच आणखी सहा वेळा करवून घेतलं. हॉलमध्ये खिडकीशी बसून केलं तर यादीत वेळ यायची. स्वयंपाकघरात केलं आणि खूण आल्यावर जरा बघत उभी राहिले तरी यायची. स्वयंपाकघरात करून लगेच बंद केलं की नाही.

मग तिला कळलं आणि तिने मलाही सांगितलं. ते पान खोटं बोलत होतं. बटण दाबलं की मोठ्या मशीनचं उत्तर यायच्या आधीच ते पक्कं झालं म्हणून खूण दाखवायचं, लोकांना झटपट वाटावं म्हणून. निरोप अजून वाटेतच असायचा. तेवढ्यात कुणी पान बंद केलं की निरोप तिथेच मरायचा. घरी वायफायवर बसलेल्याला काही होणार नाही. पण गावाकडे, बसमध्ये, जिथे रेंज मंद आहे तिथला माणूस खूण बघणार, फोन खिशात टाकणार आणि त्याची वेळ कुठेच लिहिलेली नसणार. प्रोग्रामही तेच करत होता, खूण दिसली की पान सोडून यादीकडे. चार दिवस तो तपास जे लाल होऊन सांगत होता ते खरं होतं.

ती खूश झाली. मी तिला किती दिवसांनी खूश बघितलं. तिने लगेच साहेबाला फोन लावला. स्पीकरवर होता.

"सर, वो वाला टेस्ट फ्लेकी नहीं है. सच में बग है. पेज जवाब आने से पहले ही पक्का बोल देता है."

"मैडम, यार, टेस्ट का सर्वर है, धीमा है. पाँच सेकंड का वेट डाल दो ना."

"वेट डालने से टेस्ट पास हो जाएगा सर, पर आदमी तो पाँच सेकंड नहीं रुकेगा."

"आपका काम टेस्ट पास कराना है. पेज दूसरी टीम का है, सोमवार को लाइव जा रहा है. मैं अब उनको रोकूँ?" मग म्हणाला, "महीना आपका चल रहा है मैडम, मेरा नहीं."

फोन ठेवल्यावर ती मेल लिहायला बसली. अर्ध्या तासाने मला वाचून दाखवला, मराठीत करून. काय होतंय, कसं होतंय, कुणाला त्रास होईल आणि पानात काय बदललं की नीट होईल. चार ओळींचा बदल होता. चांगला लिहिला होता, मलासुद्धा कळला.

"पाठवू?"

"कुणाला?"

"त्याला. आणि त्याच्या वरच्याला पण."

"वरच्याला कशाला?"

"कारण हा दाबून टाकेल."

इथे मला ह्यांच्याबद्दल सांगावं लागेल. आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, मुलगी पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. हे मंत्रालयात क्लार्क. एका अधिकाऱ्याच्या नात्यातल्या पोराचा अर्ज मुदत संपल्यावर आला होता. सगळ्यांना माहीत होतं. ह्यांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या की अर्ज अमुक तारखेला आला. खोटं एक अक्षर नव्हतं. पुढची अकरा वर्षं हे तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये बसले. बढतीच्या वेळी त्यांच्या मागून आलेले पुढे गेले. शेजारपाजारची सगळी मोठ्या क्वार्टरांत गेली, आम्ही तिथेच. तळघरातल्या धुळीने त्यांना जो खोकला लागला तो शेवटपर्यंत राहिला. त्या दोन ओळी कुणी पुसल्या नाहीत. जो साहेब यायचा तो फाईल उघडायचा, त्याला त्या दिसायच्या आणि तो म्हणायचा, हा माणूस लिहितो, जपून राहा.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत पडली. सांगायचं ते तोंडी सांगायचं. कागदावर काही ठेवायचं नाही. मी मुलीला शाळेच्या डायरीत बाईंविरुद्ध तक्रारसुद्धा लिहू दिली नाही कधी. क्वार्टरमधल्या सगळ्याच घरांत थोडीफार हीच रीत होती. मराठी काय, बंगाली काय, तमिळ काय, बाबू लोक सगळे सारखे.

मी तिला म्हटलं, "तोंडी सांगितलंस ना त्याला? झालं. तुझं काम संपलं."

"आई, पण खरं आहे ते."

"ह्यांचंही खरंच होतं."

"आई यार, बाबांची ती फाईल तू फिक्स्ड डिपॉझिटसारखी सांभाळून ठेवली आहेस. जरा काही झालं की काढतेस."

"काढते. कारण मी तो खोकला ऐकलाय. तू तेव्हा झोपलेली असायचीस. महिना संपायला आठ दिवस राहिलेत. वरच्याला मेल गेला की हा तुला आठ दिवससुद्धा ठेवणार नाही. पाच सेकंद टाक म्हणतोय ना, टाक. उद्या काही झालं तर म्हणायचं, साहेबाने सांगितलं."

ती स्क्रीनकडे बघत बसली. मग म्हणाली, "डॉक्टरचं पान आहे आई."

"डॉक्टर पळून जात नाहीत. आज नाही भेटला तर उद्या भेटेल. ओळ टाक आणि जेवायला ये. कढी गार होतेय."

तिने मेल पाठवला नाही. पुसलाही नाही, मसुद्यात ठेवला. मग ओळ टाकली. मी बघत होते. एकच ओळ, त्यात एक पाचाचा आकडा आणि मागे शून्यं, मशीन सेकंदाचे हजार भाग करून मोजतं म्हणे. तपास चालवला, हिरवा. दहा वेळा चालवला, दहाही वेळा हिरवा. प्रोग्राम हिरव्या खुणेकडे बघत पाच सेकंद शहाण्यासारखा उभा राहत होता, जसं कुठलंच माणूस उभं राहत नाही.

महिना संपला तेव्हा साहेबाने सगळ्यांसमोर म्हटलं, "मैडम ने तो कमाल कर दिया." योजना उठली. त्या दिवशी तिने खाली जाऊन जिलेबी आणली. मी मनात म्हटलं, बघ, ऐकलंस म्हणून वाचलीस. असं मी म्हटलं होतं, ते लपवत नाही.

दीड महिना गेला. जानेवारीत, इतकं धुकं की समोरचा टॉवर दिसत नव्हता, तिला तातडीच्या मीटिंगला बोलावलं. हॉस्पिटलकडून तक्रारी आल्या होत्या. माणसं वेळ घेऊन येत होती आणि खिडकीवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी एक तक्रार वाचून दाखवली. पानिपतचा कुणी म्हातारा बायकोला घेऊन आला होता, डोळ्यांसाठीच. थंडीत पहाटेची गाडी धरून. महिनाभर वाट बघून आलेली वेळ. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, तुमचं नाव नाही, आता पुढची वेळ एप्रिलमध्ये. म्हातारा फोन दाखवून म्हणत राहिला, हरा निशान आया था, मैंने अपनी आँखों से देखा.

मी मटार सोलत होते. हात थांबवले नाहीत, कारण थांबवले असते तर मुलीने माझ्याकडे बघितलं असतं.

मग वरच्या साहेबाने विचारलं की हे तपासात का सापडलं नाही. कुणीतरी स्क्रीनवर तो तपास उघडला आणि खाली ओळ दिसली, पाच सेकंदांची. तिच्या शेजारी मुलीचं नाव, तारीख आणि वेळ. त्यांच्याकडे प्रत्येक ओळीवर ती कुणी लिहिली ते कायमचं राहतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे तिने लिहिलंच होतं. न लिहिण्याची सोयच नव्हती.

"ये वेट किसने डाला?"

तिचा साहेब म्हणाला, "मैडम का टेस्ट है."

मुलगी म्हणाली, "सर, आपने ही बोला था. मैंने आपको बताया था कि बग है."

"कब बताया? कोई मेल है? चैट है कुछ?"

 मसुदा पाठवलेला नसतो तेव्हा तो कुणालाच आलेला नसतो. तिने मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या या टोकाकडे, माझ्याकडे. रागाने नाही. नुसतं बघितलं, आपण घड्याळाकडे बघतो तसं.

शुक्रवारपर्यंत राजीनामा द्या म्हणाले. तिने गुरुवारीच दिला. पानाची दुरुस्ती दुसऱ्या टीमने एका दुपारात केली, तीच चार ओळींची, आणि तपासातली तिची ओळ कुणीतरी काढून तिथे उत्तर येईपर्यंत थांबणारी घातली. हे तिला जुन्या मैत्रिणीने कळवलं. साहेब आहे तिथेच आहे.

मी तिला म्हटलं, "तो मेल आता पाठव ना. तारीख असेल त्यावर."

"लॅपटॉप गेला आई, कुरियरवाला सकाळी घेऊन गेला. तूच दार उघडलंस."

तूच दार उघडलंस, एवढं एकच वाक्य ती मला लागेल असं बोलली. बाकी काही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तिला दोन-तीनदा टोचूनही बघितलं, की माझंच चुकलं, बोल की. ती म्हणाली, "सोड ना आई." ती पन्नाशीला आलेली बाई आहे, तिने माझं ऐकायला नको होतं, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. ते टिकत नाही. तिच्या हातात लिहिलेला मेल होता आणि मी तिला जेवायला बोलावलं.

पानिपतच्या त्या बाईचं पुढे काय झालं मला माहीत नाही. एप्रिल येऊन गेला. डॉक्टर उद्याही भेटतो हे मी कशाच्या आधारावर म्हटलं होतं कोण जाणे. मला स्वतःला मोतीबिंदूची वेळ घ्यायची आहे, ती मी घेतलेली नाही.

आता ती मुलाखती देते, फोनवरच, भिंतीला टेकवून. आतापर्यंत नऊ झाल्या. सगळे तोच प्रश्न विचारतात. उत्तर उशिरा येणाऱ्या पानांचा तपास कसा करता? त्याला त्यांचा एक लांबलचक इंग्रजी शब्द आहे, तो माझ्या जिभेवर बसत नाही, पण उत्तर मला येतं. ठरावीक सेकंद थांबायचं नाही. जे व्हायला हवं ते झालं का, त्याच्यासाठी थांबायचं. दिसणाऱ्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, मशीनचं उत्तर आलं का बघायचं. आणि तपास कधी लाल कधी हिरवा होत असेल तर आधी समजायचं की तो खरं सांगतोय. हे ती इतकं छान सांगते की पलीकडचा माणूस वेरी गुड म्हणतो.

मग तो दुसरा प्रश्न विचारतो, आधीची नोकरी का सोडली. ती अडखळते. घरी आई म्हातारी आहे, तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं, असं सांगते. पलीकडचा अच्छा अच्छा म्हणतो. नंतर कुणी कळवत नाही.

मागच्या आठवड्यात अशी एक मुलाखत व्हायची होती. मी मेथीची जुडी घेऊन माझ्या जागी बसले. ती फोन टेकवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मुलाखतीच्या वेळी तू आत बसत जा."

"मी काही बोलत नाही मध्ये."

"माहीत आहे. तरी बसत जा."

मी जुडी उचलली आणि आत गेले. तिने मागून दार लावून घेतलं.